हवेशीर वहिनींचा कोट

माझ्या वहिनींना अख्खी गल्ली 'हवेशीर वहिनी' म्हणते. त्यात चेष्टा किती आणि कौतुक किती, हे म्हणणाऱ्यालाही सांगता यायचं नाही. सव्वीस वर्षं त्या पुढच्या खोलीत खिडकीपाशी मशीन घेऊन बसल्या आहेत. आमच्याकडे वर्षाचे दहा महिने उन्हाळा आणि उरलेले दोन महिने जरा कमी उन्हाळा. अशा ठिकाणी भर दुपारी ज्याच्या शर्टाची पाठ अंगाला चिकटलेली नसते, त्याला लोक थांबवून विचारतात की हा कुणी शिवला. उत्तर ठरलेलं असतं.

सगळी करामत काखेत. मुंढा, म्हणजे बाही जोडायची गोलाई, दोन बोटं खाली उतरवायचा आणि काखेतली शिवण पुरी बंद न करता बोटभर फट ठेवायची. फटीच्या कडा इतक्या बारीक टाक्यांनी दुमडलेल्या असतात की हात वर केला तरी दिसत नाहीत, पण हवा आतबाहेर खेळत राहते. दवाखान्यातल्या परिचारिका, बसचे वाहक, शाळेतले मास्तर, सगळी वहिनींची गिऱ्हाइकं. मी घरोघर विजेचे मीटर वाचत उन्हात हिंडतो. माझे सगळे शर्ट त्यांच्याच हातचे, आणि या नोकरीत मी टिकलो तो त्या फटीमुळे, हे मी साहेबांसमोरही सांगेन.

अशा बाईला थंड मुलखात राहायला जायची वेळ आली. पुतण्या सहा वर्षांपूर्वी नोकरीसाठी तिकडे गेला, आता त्याने घर घेतलं, आणि दादा निवृत्त झाल्यावर त्याने तिघांना बोलावून घेतलं: आई, बाबा आणि आजी. निघायला चार महिने होते. दादांनी लगेच तयारी सुरू केली. म्हणजे पंख्याखाली बनियनवर बसून, घाम पुसत, फोनमध्ये तिकडचं हवामान बघायचं आणि 'आज उणे चार' असं घरात जाहीर करायचं. त्यांची तयारी तिथेच संपत होती.

खरा प्रश्न आमच्या आईचा होता. वय शहात्तर आणि जुना दमा. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "थंडी अंगात शिरता कामा नये. हात गार पडले की समजा शिरली, मग छाती वाजायला वेळ लागणार नाही. तिकडे त्रास सुरू झाला तर फार जड जाईल. विचार करून न्या."

मी लगेच म्हटलं, "मग आई माझ्याकडे राहील." मी एकटा माणूस, दोन गल्ल्या सोडून राहतो. रात्रीचं जेवण दादांकडे, सुट्टीचा चहा आईसमोर बसून. ते तिघं गेले की माझ्या घराला कुलूप लावलं काय आणि नाही काय. काळजी आईच्या छातीची होती, खोटं नाही, पण मला आई हवी होती हे त्याहून खरं होतं.

आईला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "मला हिच्याबरोबर जायचंय. सव्वीस वर्षं हिच्या मशीनच्या आवाजात झोपलेय मी. पण तिथे जाऊन खाट धरायची असेल तर नको, मग मी याच्याकडे राहीन."

 वहिनींनी उठून टेप घेतली आणि त्या आईची मापं घ्यायला लागल्या.

"शिवाल हो कोट," मी म्हटलं, "पण तो चालतो की नाही हे इथे कळणार कसं? तिथे पोचल्यावर?"

यावर डॉक्टर आधीच गमतीत बोलून गेले होते की बटाट्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये नेऊन बसवा. वहिनींना डॉक्टरांची गंमत कधी कळत नाही. त्यांनी औषधाच्या चिठ्ठीमागे लिहून ठेवलं होतं: कोल्ड स्टोरेज.

तीन आठवड्यांत कोट तयार झाला. जाड कापड, मधे भरण, आत मऊ अस्तर. आईला नेण्याआधी स्वतः बसून बघायचं, असं वहिनींनी ठरवलं. गावाबाहेरच्या कोल्ड स्टोरेजच्या मुकादमाला आधी वाटलं, बाई बटाटे ठेवायला आल्यात. खरं कारण कळल्यावर त्याने हमालांनाही बोलावून घेतलं, कारण अशी करमणूक रोज मिळत नाही. वहिनी कोट चढवून आत गेल्या. दहाव्या मिनिटाला बाहेर आल्या तेव्हा दात वाजत होते.

"हात बघा, भावजी."

मी हात धरला. बर्फ. "गार," मी म्हटलं, आणि पैज जिंकल्यासारखं म्हटलं. आज आठवलं की लाज वाटते.

वहिनींनी कोट काढून उलटा केला आणि तिथेच पायरीवर मटकन बसल्या. दोन्ही काखांत बोटभर फट होती. सुबक, बारीक टाक्यांनी दुमडलेली. त्यांना ती ठेवल्याचं आठवतसुद्धा नव्हतं. सव्वीस वर्षांच्या हाताने ती परस्पर ठेवून दिली होती. आधी त्या स्वतःच हसल्या, मग मुकादम, मग सगळे हमाल.

मी असतो तर तो कोट तिथेच फेकून तोंड लपवून घरी गेलो असतो. वहिनी मात्र हसून झाल्यावर हमालांच्या जाकिटांकडे बघायला लागल्या. उन्हाने भाजून निघणाऱ्या या गावात थंडी ओळखणारी माणसं एवढीच, हे त्यांच्या ध्यानात आलं. "तुमची फाटकी जाकिटं द्या," त्या म्हणाल्या, "शिवून देते. फक्त उसवून आत बघू द्या."

दुसऱ्या दिवशी पुढच्या खोलीत अकरा जाकिटांचा ढीग पडला आणि घरभर बटाट्याचा वास. वहिनी एकेक जाकीट उसवत, डोळ्यांजवळ धरत, पुन्हा शिवत. चेनच्या मागे पट्टी का असते, बाहीच्या तोंडाशी आत आणखी एक घट्ट विणलेली बाही का असते, कॉलर हनुवटीपर्यंत का येते. एक म्हातारा हमाल खुर्चीत बसून सांगायचा, "ताई, थंडी मनगटातून आणि मानेतून शिरते. ती दारं बंद करा." आणि वहिनी, ज्यांच्याकडे शिकायला मुली यायच्या, त्या वयाच्या एकावन्नाव्या वर्षी मान खाली घालून ऐकायच्या. नव्या कोटातले चुकलेले टाके उसवायच्या, परत टाकायच्या. काखेशी आल्या की मोठ्याने स्वतःला बजावायच्या, "बंद कर गं बाई, बंद कर." घामाच्या धारा लागलेल्या असायच्या, कारण पंखा लावला की भरण उडायचं.

दुसऱ्या कोटात त्या स्वतः अर्धा तास बसून आल्या. मग डॉक्टरांना विचारून, दम्याचा पंप बरोबर घेऊन, आम्ही आईला नेलं. हात बघायला मीच, कारण विरोध माझा होता. मुकादमाने मला जाकीट देऊ केलं, मी ऐटीत नको म्हटलं. वीस मिनिटांचा तर प्रश्न.

बटाट्यांच्या पोत्यांमधे आई खुर्चीवर बसली. कोटातून नुसते डोळे दिसत होते. वहिनी दाराच्या छोट्या काचेबाहेर घड्याळ धरून उभ्या. पाच मिनिटांत माझ्या शर्टाने काम सुरू केलं. वहिनींची ती नामांकित फट, दोन्ही काखांत. थंडी इकडून आत शिरत होती आणि तिकडून बाहेर जात होती. मी हात चोळायला लागलो, मग नाचायला लागलो.

"इकडे ये," आई म्हणाली. तिने माझा हात ओढून आपल्या कोटाच्या खिशात घातला. आत तिचा हात होता. मी लहानपणी तापात पडलो की कपाळावर यायचा तसाच, कोरडा आणि गरम. मी कान दिला. छातीत शिट्टी नव्हती. ती माझी बोटं चोळत होती आणि पुटपुटत होती, "केवढा गारठलास रे. आम्ही गेल्यावर जेवत जा वेळेवर."

वीस मिनिटं झाली. दार किलकिलं झालं आणि वहिनींचा आवाज आला. 

"भावजी, हात कसे आहेत?"

मी म्हणेन ते त्या मानणार होत्या. पुन्हा विचारणारही नव्हत्या.

"गरम आहेत," मी म्हटलं.

वहिनींनी दार पुरतं उघडलं, बाहेरचं ऊन आत आलं. मी हात मात्र आईच्या खिशातून लगेच काढला नाही.