मीठ घातलं गंऽऽ!

माझी फजिती ऐकायची असेल तर आधी हातातला चहा संपवा, नाहीतर ऐकताना तुम्ही तो नक्की सांडणार! आणि हसा खुशाल, घरचे अजून हसतायत.

मी ठाण्याला एका कंपनीत आहे. काम काय? कंपनीतली माहिती कुठून बाहेर गळते, कुठे हरवते ते शोधायचं आणि थांबवायचं. ऐकायला भारी वाटतं ना? मलाही वाटायचं!

आणि माझी विजयामावशी डोंबिवली पूर्वेला पोळी-भाजी केंद्र चालवते. मदतीला नंदावहिनी आणि पुष्पाताई. तिघीजणी अख्ख्या गल्लीला जेवू घालतात. एका रविवारी सकाळी मी तिथे गेलेलो. बघतो तर काय, तिघी बेंबीच्या देठापासून ओरडतायत.

"कुकर लावला गंऽऽ!"

"भाजीत मीठ घातलं गंऽऽ!"

"ऐकलं गंऽऽ!"

खिडकी सताड उघडी. आणि समोरच्याच गाळ्यात सुलभाकाकूंचं केंद्र! म्हणजे थेट स्पर्धक! मावशीकडे काय शिजतंय, किती शिजतंय, सगळं काकूंना फुकटात ऐकू. माझ्यातला साहेब लगेच जागा झाला.

"मावशी, ही गळती आहे!"

मावशीने आधी छताकडे पाहिलं.

"अगं, माहितीची! आज कसली ऑर्डर आहे?"

"डोहाळजेवण आहे. आमटी, मसालेभात, भाजी, खीर. यजमानांना आवडलं ना, तर त्यांच्या नौपाड्यातल्या ऑफिसचे रोजचे डबे आपल्याला मिळतील. कधीपासून मागे लागलेय मी."

"आणि हे तू खिडकी उघडी टाकून सांगतेस? सुलभाकाकूंनी उद्या तिकडे जाऊन कमी भाव सांगितला म्हणजे?"

"सुलभा? काहीतरीच तुझं!" मावशी हसली. पण भाच्याच्या नोकरीचा तिला कोण अभिमान! पुष्पाताईंना म्हणाली, "मोठमोठ्या कंपन्या ऐकतात त्याचं. करू दे त्याला."

झालं! मी खिडकी बंद केली. ओरडणं बंद केलं. आणि नियम सांगितला, "ज्याला जेवढी गरज, तेवढीच माहिती. आपलं काम करायचं, दुसरी काय करते ते विचारायचं नाही."

"बोलायचंच नाही?" नंदावहिनींनी असं विचारलं, जसं काही मी त्यांना श्वास घ्यायला बंदी केलेली.

"कामापुरतं. तेही कानात."

सगळीकडे अशी शांतता पसरली की फोडणीसुद्धा बिचकत तडतडत होती. मी मध्ये हाताची घडी घालून उभा. आमटीपाशी एकेक जण येऊन काहीतरी करून जात होती. वा! म्हटलं, याला म्हणतात शिस्त.

भरायची वेळ झाली. पुष्पाताई पातेल्यावर झाकण ठेवता ठेवता हळूच म्हणाल्या, "आमटीत मीठ घातलंय हं मी."

नंदावहिनींचा डाव हातातच राहिला. "तुम्ही? अहो, मी घातलं ना!"

"देवा!" मावशी म्हणाली. "मला वाटलं राहिलं. मी पण घातलं."

तिघी एकमेकींकडे बघतायत. आता तुमच्यापासून काय लपवायचं… मघाशी कोणीच काही बोलत नव्हतं, म्हणून खात्री असावी एवढ्यासाठी एक लहानशी मूठ मीही टाकलेली!

"आणि मसालेभातात कोणी घातलं?" मावशीने विचारलं.

कोणीच नाही!

तुम्ही म्हणाल, चाखून बघायचं की! कसं चाखणार? यजमानांकडे आधी नैवेद्य दाखवायचा होता. नैवेद्याचं उष्टं करत नाहीत, चमचाभरसुद्धा नाही. म्हणून तर त्या ओरडायच्या हो! ज्या स्वयंपाकघरात चाखता येत नाही, तिथे मीठ पडलं की नाही हे त्या हाकेनेच कळत होतं. आणि तीच मी बंद पाडलेली.

मावशीचे डबे माझ्यामुळे जाणार!

मावशी मात्र माझ्यावर एका शब्दाने रागावली नाही. सरळ गेली, खिडकी उघडली आणि गल्ली दणाणेल अशी हाक मारली.

"सुलभाऽऽ! आमटी खारट झाली गं! बिनमिठाचं वरण आहे काऽऽ?"

समोरून तेवढ्याच जोरात, "आहे! आणते! अगं, सकाळपासून तुझी खिडकी बंद, आवाज नाही, माझ्या जिवाला नुसता घोर! मी दोनदा येऊन कडी वाजवणार होते!"

ह्या म्हणे स्पर्धक!

काकू स्वतः भलंमोठं पातेलं घेऊन धावत आल्या. आणि मग त्या चौघींना जे काम करताना पाहिलं ना, ते मी आमच्या कंपनीत आजवर पाहिलेलं नाही. खारट आमटीतली बरीचशी बाजूला काढली, उरलेलीत वरण ओतलं, नवी फोडणी दिली. भातावर मिठाचं कोमट पाणी शिंपडून वाफ आणली. "भातात मीठ घातलं गंऽऽ!" "ऐकलं गंऽऽ!" एकही गोष्ट दोनदा झाली नाही, एकही राहिली नाही. खरं सांगतो, मला त्या चौघींच्या पाया पडावंसं वाटलं.

जेवण वेळेत पोचलं. संध्याकाळी फोन आला. नौपाड्याचे डबे मिळाले! शिवाय आमटीची चव विशेष आवडल्याचा निरोप. काढून ठेवलेल्या खारट आमटीचं काय झालं म्हणता? मावशीने ती प्रेमाने डब्यात भरून माझ्याबरोबर ठाण्याला पाठवली.

पुढच्या रविवारी मी परत गेलो. मला बघताच पुष्पाताईंनी मिठाचा डबा उचलून वरच्या फळीवर ठेवला. मावशीने माझ्यापुढे मटारचा ढीग ओतला.

"सोल."

"हो, पण कशासाठी गं? आज काय करताय?"

मावशीने खिडकीतून समोर पाहिलं. सुलभाकाकू तिथे पदर तोंडाला लावून हसत उभ्या होत्या. अख्ख्या गल्लीला मेनू माहीत होता.

"तुला जेवढी गरज, तेवढी माहिती दिलीय," मावशी माझ्या कानात कुजबुजली. "सोल!"