केसाइतकी बारीक तार

कऱ्हाडच्या आमच्या घरासमोर ट्रक उभा होता आणि आप्पा ड्रायव्हरच्या लायसन्सचा नंबर वहीत उतरवून घेत होते. ड्रायव्हर आमच्याच गल्लीतला, माझ्या लहानपणापासून ओळखीचा. तरीही. भिवंडीजवळच्या दापोड्याच्या एका गोदामात मला मालाची नोंद ठेवायची नोकरी लागली होती, आणि ट्रक तिकडंच निघाला होता. आईनं गिटार जुन्या चादरीत गुंडाळून माझ्या पायाशी ठेवली. आप्पा केबिनच्या खिडकीशी आले आणि हळूच म्हणाले, "कुणी चहा दिला तर आधी त्याला पिऊ दे. आणि पेटीवर लक्ष ठेव." इतर बाप निघणाऱ्या पोराला काय सांगतात मला माहीत नाही. मला हे सांगितलं गेलं आणि मी ते मनावर घेतलं.

तुम्ही जे गावातच राहिलात त्यांना वाटतं, बाहेर पडलेल्याला आधी भाकरीची आठवण येते. मला आधी आठवण आली ती आवाजाची. शेजारच्या मानकोलीत काशिनाथदादांकडं मी खोली घेतली. रस्त्याकडेची त्यांची भातशेती गोदामांखाली गेली होती आणि घरामागं त्यांनी भाड्याच्या सहा खोल्या बांधल्या होत्या. सहाही खोल्यांचा मीटर त्यांच्या पडवीत, अगदी डोळ्यांसमोर. पहिल्याच रविवारी मी गिटार छोट्या अँप्लिफायरला जोडली. ती बोलेना. तारांखाली एक लोहचुंबक असतो, त्याभोवती केसाइतक्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. त्याला पिकअप म्हणतात. वाटेतल्या धक्क्यांनी आतली ती तार तुटली होती.

मुंबईतल्या दुकानात दाखवली तर काउंटरवरचा माणूस हसला आणि म्हणाला, ही फेकून द्या, नवी घ्या. मला भयंकर राग आला. कॉलेजची पाच वर्षं माझ्याशी नीट बोललेली ती एकच वस्तू होती. मी मनाशी ठरवून टाकलं, दिवाळीपर्यंत गिटार बोलली तर राहायचं, नाहीतर गाशा गुंडाळून कऱ्हाडला जायचं.

सायबर कॅफेत बसून शोधलं तर जगभरातली माणसं घरी, शिलाई मशीनवर, असली पिकअप गुंडाळत होती. तार कुठं मिळेल म्हणून विचारलं, तर त्यांनी आपापल्या देशातल्या दुकानांची नावं मोठ्या प्रेमानं कळवली. भिवंडीच्या आसपास हा नाद असलेलं कुणी आहे का, याला मात्र कुणाचंच उत्तर आलं नाही. तुमच्यातले जे माझ्यासारखे बाहेर गेलेत, त्यांना हे एकटेपण समजावून सांगायला नको.

खरं तर तार मिळायची तर भिवंडीतच. लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, जळलेल्या मोटारी पुन्हा भरून देणारी दुकानं गल्लोगल्ली. मी पिकअपमधला लोहचुंबक नमुना म्हणून खिशात घालून निघालो, आणि तिथंच चुकलो. त्या दिवसांत वीजचोरी पकडायला वीज कंपनीची पथकं फिरत होती, आणि मीटरला लोहचुंबक लावला की तो हळू फिरतो असं जो तो कुजबुजत होता. अशात एक अनोळखी माणूस येतो, काउंटरवर लोहचुंबक ठेवतो आणि मोटारीत कुणी वापरत नाही इतकी बारीक तार मागतो. पहिल्या दुकानदारानं हात जोडले. दुसऱ्यानं विचारलं, "कौन भेजा तुमको?" तिसऱ्यानं मी तोंड उघडायच्या आत शटर अर्धं खाली ओढलं. काहींना मी चोर वाटलो, काहींना पथकाचा खबऱ्या.

शेवटी युनूसभाई म्हणून मोटारी भरणाऱ्या एका म्हाताऱ्या वाइंडरनं फडताळातून अर्धवट वापरलेलं रीळ काढून दिलं. चहाही मागवला. त्यांनी पहिला घोट घेईपर्यंत मी कपाला हात लावला नाही. खोलीवर येऊन गुंडाळायला बसलो तर शंभरेक वेढ्यांत तार तुटली. पुन्हा बसलो, पुन्हा तुटली. म्हाताऱ्यानं कुजका माल गळ्यात मारला, अशी माझी खात्रीच झाली. मी जाऊन भांडलो. ते शांतपणे म्हणाले, "बेटा, तार में खोट नहीं, हाथ में है. इतना खींचोगे तो कुछ भी टूटेगा." मला ते अजिबात पटलं नाही.

एव्हाना खोलीवर वेगळंच चाललं होतं. काशिनाथदादा सकाळ-संध्याकाळ मीटरसमोर उभे राहून आकडा बघत आणि मग माझ्या दाराकडं बघत. ड्युटीवरून आलो की पेटीतल्या वस्तू हललेल्या वाटत. मी डोक्यातला एक केस थुंकीनं पेटीच्या झाकणावर चिकटवून जायला लागलो. तिसऱ्या दिवशी केस जाग्यावर नव्हता. दुसरी किल्ली फक्त दादांकडं. शिवाय त्यांच्या अंगणाच्या टोकाला एक पत्र्याची खोली होती, कायम कुलूपबंद, आणि आतून दुपारी घरघर ऐकू येई. चोरीचं तांबं वितळवत असणार, असं मी धरून चाललो.

दिवाळी तोंडावर आली तेव्हा एका रविवारी सकाळी दादा दारात उभे राहिले. मागं त्यांचा भाऊ.

"पेटी उघड," ते म्हणाले. "माझ्या मीटरला काय लावतोस तां बघू दे."

खोली जाणार, कदाचित नोकरीही. मी झाकण उघडलं. दादांनी लोहचुंबक उचलला, बाजूला ठेवला. मग माझं अर्धवट गुंडाळलेलं पिकअप उचललं, उजेडात धरलं, वेढ्यांवरून तर्जनी हलकेच फिरवली. त्यांचा चेहराच बदलला.

"कोनी पाठवलाय तुला?" ते म्हणाले. "कंच्या पार्टीनं?"

"कसली पार्टी?"

"बेंजो पार्टी! माझी कॉइल बघायला आलाय न्हाय तू?"

मी चादर सोडली आणि गिटार पुढं केली. दादा तिच्याकडं आणि माझ्याकडं आळीपाळीनं बघत राहिले. मग भावाला परत पाठवून, कमरेची किल्ली काढून पत्र्याच्या खोलीकडं चालू लागले.

आत टेबलावर बेंजो होता. इकडच्या हळदीत, लग्नात ज्याच्यावर अख्खं गाव नाचतं तो, बटणं दाबून वाजवायचा. त्याच्या तारांखालीही माझ्यासारखंच पिकअप. शेजारी लूमसाठी सुताची कांडी भरायचं जुनं मशीन, त्याच्यावर दादा गेली वीस वर्षं स्वतःच्या हातानं कॉइल भरत होते. त्यांच्या बेंजोचा आवाज पंचक्रोशीत कुणाकडं नव्हता. दुसऱ्या पार्ट्या तो चोरायला टपल्यात, या धास्तीनं त्यांनी ते मशीन सख्ख्या मेव्हण्यालाही दाखवलं नव्हतं. मी जगभर ज्याला शोधत होतो तो माझा घरमालक होता, आणि त्याला मी तांबंचोर समजत होतो. मला इतकी लाज वाटली की मान वर करवेना.

"बस," दादा म्हणाले. "तार वढतोस तू. वढायची न्हाय. बोटांतून जाऊ दे, तिला जायचाच हाय." युनूसभाईंचं रीळ बघून म्हणाले, "माल एक नंबर हाय. मी पन त्याच्याकडनाच आनतो." मशीन फिरलं. तार माझ्या बोटांतून सरकत राहिली आणि तुटली नाही. वेढे मोजताना मात्र दादांनी पाठ माझ्याकडं केली आणि ओठ मिटून घेतले. मीही मनातल्या मनात मोजत होतो, ते त्यांना कळलं असणार.

दुपारी गिटार बोलली. आवाज जरा बेंजोच्या वळणाचा, खणखणीत. मी रडलो, आणि दादांनी मीटर बघायचं निमित्त करून बाहेर जाणं पसंत केलं. परत आले तेव्हा म्हणाले, "पेटीवं केस लावतोस ना? मी खिडकीतना बघितलाय. केस वाऱ्यानं पन उडतो. तार लावायची."

युनूसभाईंकडं माफी मागायला गेलो. त्यांनी चहा मागवला. या वेळी मी आधी प्यालो, जीभ भाजली.

दिवाळीला गिटार घेऊन कऱ्हाडला गेलो. आप्पांनी ऐकली, आणि विचारलं, "हे फुकट करून दिलं? का?" मी सगळं सांगितलं. त्यांनी गिटार उलटी करून मागूनही तपासली. मग म्हणाले, "माणूस बरा दिसतोय. तरी जपून." आठवडाभर माझ्या जुन्या खोलीत झोपलो. तिथं दाराला कडी नव्हती, कधीच नव्हती, आणि मला पहिल्यांदाच नीट झोप लागेना.

आज त्याला बरीच वर्षं झाली. मी मानकोलीतच आहे. वेढ्यांचा आकडा दादांनी मला अजून सांगितलेला नाही, आणि मी मोजलेला आकडा मीही त्यांना सांगितलेला नाही. घर कुठलं असं कुणी विचारलं की मला त्या दिवाळीहून परतल्याची संध्याकाळ आठवते. खोलीच्या कुलपात किल्ली घालायला वाकलो तर कडीपासून कुलपापर्यंत काहीतरी चमकलं. केसाइतकी बारीक तांब्याची तार, दोन्हीकडं नीट पीळ देऊन बांधलेली. मी नसताना माझ्या खोलीत कुणी शिरलं तर कळावं म्हणून कुणीतरी रोज येऊन ती बघत होतं. ती अखंड होती. मी ती न तोडता, हळूच सोडवली आणि खिशात ठेवली.