फलकावरचं जंक्शन

स्टेशनात सगळे त्याला रंगकाका म्हणत. एकतीस वर्षं फलक रंगवणाऱ्या या माणसाचा एका शब्दावर भारी जीव होता: जंक्शन. टपरीपाशी चार टाळकी जमली की लोक त्यालाही जंक्शन म्हणत, आणि रंगकाकाचं डोकं फिरे. “गर्दीला नाही म्हणत,” तो सुनवायचा. “निदान तीन दिशांचे रूळ एकत्र यावे लागतात. मोठ्यात मोठ्या स्टेशनलाही तो मान फुकट मिळत नाही.”

इथली तिसरी दिशा म्हणजे फाट्याची लाइन. तिच्या शेवटच्या स्टेशनाजवळ त्याची थोरली बहीण एकटी राही. तिची नजर पार गेली होती. दर शनिवारी तो त्या गाडीने जाऊन तिचं आठवड्याचं सामान भरून येई.

ती लाइन बंद झाली, आणि फलकांवरून जंक्शन काढायचा हुकूम आला. नुसता शब्द पुसला तर गावाचं नाव एका कडेला पडतं, म्हणून अख्खा फलक पिवळा करून नाव मधोमध घ्यायचं. त्याने पहिला फलक केला आणि शिडीवरून उतरला. खाली उभे असलेले स्टेशनमास्तर हसले.

“काका, तुम्ही पुन्हा जंक्शन लिहिलंत.”

त्याने वर पाहिलं. सवयीच्या हाताने शब्द तर लिहिलाच होता, शिवाय त्याला जागा व्हावी म्हणून नावही डावीकडे सरकवलं होतं. मास्तरांचं हसू मावळलं. “उद्या करा,” ते हळूच म्हणाले.

रंगकाकाला काही सुचेना. बस थेट जात नव्हती. दोनदा बदलून पुढे तासभर चढण, आणि त्याचे गुडघे तर शिडीच्या चार पायऱ्यांनीच दुखू लागत. शेवटी त्याने बहिणीला फोन लावला.

“ताई, इकडेच राहायला ये. माझी खोली आहे की.”

“गाडी बंद झाली ना?” तिने विचारलं. “शेजारीण म्हणाली.”

“हो.”

“अरे, इथे विहिरीपासून चुलीपर्यंत मला सगळं दिसतं. तिथे आले की मी आंधळी होईन.”

त्याने खुंटीवरची सामानाची रिकामी पिशवी काढली आणि घडी घालून पुन्हा तिथेच अडकवली.

“शनिवारी येशील ना?” तिने विचारलं.

“येतो की,” तो म्हणाला. ताईशी तो जन्मात पहिल्यांदाच खोटं बोलला.