आईंनी बाहेर बसावं

दवाखाना बंद होऊन वर्ष होत आलं, पण किस्से काही बंद होत नाहीत. एक सांगायला घ्यावा, तर त्याचा पदर धरून आणखी तीन येतात.

इंदूरला राजवाड्यामागच्या गल्लीत वर आमचं घर, खाली माझ्या बायकोचा, वसुधाचा दवाखाना. ती स्त्रीरोगतज्ज्ञ, मी कॉलेजात मास्तर. संध्याकाळी मी बाहेरच्या हॉलमध्ये बसायचो, कारण तिचा एक नियम होता. वयात आलेली मुलगी असली, की आधी दोघींचं ऐकायचं आणि मग म्हणायचं, "आई, आता तुम्ही बाहेर बसा." अशा बाहेर आलेल्या आयांना चहा देणं हे माझं काम!

एक बाई भडकल्याच. "माझ्यापासून काय लपवायचंय तिला? आई आहे मी तिची!"

वसुधा शांतपणे म्हणाली, "म्हणूनच."

*

पाळी अनियमित असलेल्या मुली खूप यायच्या. पीसीओएस, म्हणजे अंडाशय आणि हार्मोन्सचा बिघाड निघाला, की औषधांबरोबर खाणं आणि चालणंही सांगितलं जायचं. जवळच्या सिमरोल गावचे एक वडील हादरले. "मॅडम, जलेबी बंद, तो इंदौर के पास रहें काहे को?"

"जलेबी रविवारी. चालणं रोज. आणि एकटीला नाही पाठवायचं, तुम्हीही जायचं."

दोन महिन्यांनी बापलेक आले. मुलीची पाळी आली होती. वडिलांचा पट्टा दोन भोकं आत गेला होता. बायकांच्या त्या हॉलमध्ये ते मला मोठ्याने म्हणाले, "भिया, अब मेरा भी केस पेपर बना दो!"

*

हा किस्सा वसुधाने नाव न सांगता सांगितलेला. कॉलेजची एक मुलगी, एकोणीस वर्षांची. तीन महिने पाळी नाही. वसुधा म्हणाली, "आधी प्रेग्नन्सी टेस्ट करू."

"पण मॅडम, मला पीसीओएस आहे ना! मला तर दिवस राहूच शकत नाहीत. मोबाइलवर वाचलंय मी."

"बाळा, तू वाचलंयस. तुझ्या अंडाशयाने नाही वाचलेलं!"

टेस्ट निगेटिव्ह आली. आधी ती पोटभर रडली. मग वसुधाने तिला समजावलं, की पाळी कधी येईल याचा नेम नसला, तरी दिवस राहू शकतात. जाताना मुलगी म्हणाली, "मॅडम, हे होस्टेलमध्ये येऊन सांगाल? आम्ही सगळ्याच तेच वाचतो."

वसुधा गेली. नंतर दरवर्षी जात राहिली.

*

आणि पल्लवी. तेव्हा सोळा वर्षांची, हनुवटीवर केस, पाळी पाच-पाच महिने गायब. एका लग्नात तिच्या आत्याने चारचौघांत जाहीर केलं होतं, "हिला काही मूल व्हायचं नाही." तेव्हापासून तिची आई, मालिनीताई, झोपलीच नव्हती. बाहेर जायला सांगितलं, तर खुर्ची घट्ट धरून म्हणाली, "मी हलणार नाही."

"खुर्ची घेऊन जा. पण जा," वसुधा म्हणाली.

आणि मालिनीताई खरंच खुर्ची उचलून बाहेर आली! माझ्यासमोर ती ठेवून रडू लागली. "भाऊजी, होईल का हो माझी पोर आई?"

मी चहा दिला.

थोड्या वेळाने वसुधानेच दार उघडलं. "मालिनीताई, होईलच असं आज कोणी सांगू शकत नाही. होणार नाही, असं तर कोणी सांगूच नये. बहुतेकींना होतं, काहींना औषधांची मदत लागते. आणि हा प्रश्न तुमचा आहे. तिने मला विचारलंय, दहावीच्या सेंड-ऑफपर्यंत पिंपल्स जातील का!"

*

वसुधा वारल्यापासून तिची केबिन मी उघडली नव्हती. मागच्या महिन्यात दारात पल्लवी उभी, कुशीत तिची तान्ही मुलगी, मागे मालिनीताई.

"काका, थोडा वेळ आत बसू?"

मी कुलूप काढलं. पल्लवी नेहमीच्या जागी बसली. मुलीच्या तोंडावरचं दुपटं बाजूला करून तिने तिला समोरच्या, वसुधाच्या रिकाम्या खुर्चीकडे वळवलं.

मालिनीताई क्षणभर उभी राहिली. मग पल्लवीच्या शेजारची खुर्ची उचलून बाहेर आली आणि दार हळूच ओढून घेतलं.

"चहा टाका, भाऊजी," ती म्हणाली. "वेळ लागेल त्यांना."