चाळीस मिनिटं पुढे

बायकोला मी बहुतेक सगळं सांगतो. हे मात्र तिलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय, ते माझं मलाही नीट कळत नाही.

मुलुंडला आमची अठ्ठावीस घरांची सोसायटी, मी तिचा सेक्रेटरी. शेजारच्या दोन इमारतींत घरफोड्या झाल्या होत्या. मी दाराला दुसरी कडी लावून घेतली, बेल वाजली की आधी खिडकीतून बघायचो — इतका घाबरलो होतो. मग एके सकाळी आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या सावंतकाकू अकराला देवळात गेल्या. अर्ध्या तासाने येऊन बघतात तर कुलूप तोडलेलं, दागिने गेलेले.

कॅमेऱ्यात अकरा वीसला जिन्यावर संतोष दिसला — आमच्या गाड्या धुणारा, पन्नाशीचा माणूस. ते चित्रण मीच पोलिसांना दिलं. दुपारी त्यांनी त्याला उचललं.

आता मुद्द्यावर यायलाच हवं. कॅमेऱ्याचं घड्याळ चाळीस मिनिटं पुढे होतं. दुरुस्तीच्या यादीत मीच तसं लिहिलं होतं. म्हणजे संतोष जिन्यावर होता तो दहा चाळीसला — काकू घरात असताना. चित्रण देताना विसरलो, हे खरं. पण संध्याकाळी जबाब द्यायला बोलावलं, तेव्हा पोलीस स्टेशनच्या बाकावर बसल्यावर आठवलं. आतून संतोषचा आवाज येत होता, "साहेब, गाडीची चावी द्यायला गेलेलो हो..." मग नुसतं ओरडणं.

शेजारी आमच्या सोसायटीतले राणे बसले होते. म्हणाले, "दोन पडल्याशिवाय बोलत नाहीत रे हे लोक. तू कशाला तोंड पाडून बसलायस?"

आतलं दार किती लांब होतं? दहा-बारा पावलं. मी उठलो नाही. पोलिसांची भीती? होती थोडी. पण खरं सांगू — मला वाटलं, पडतोय मार तर पडू दे. हा नसेल, तर जो कोण असेल तो तरी घाबरेल.

चौथ्या दिवशी खरा चोर भांडुपला सापडला, दागिन्यांसकट. संतोषला सोडलं. उजव्या हाताची दोन बोटं वळत नव्हती, फडकं पिळता येईना. त्याचं काम गेलं.

घड्याळ मी तोवर बरोबर करून ठेवलं होतं. कोणी काही विचारलं नाही. पुढच्या सभेत पोलिसांच्या तत्परतेबद्दल आभाराचा ठराव एकमताने मंजूर झाला. इतिवृत्तात सूचक म्हणून माझं नाव आहे.