चालु म्हणजे पुरे

किस्से मुद्दाम शोधत हिंडावे लागतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी नशिराबादला आमच्या घरी येऊन दोन जेवणं जेवावीत. गेल्या वर्षी तर इतके जमले की कोणता आधी सांगायचा यावरूनच आमच्यात भांडणं होतात.

सगळ्यांचं मूळ माझी नणंद रूपाली. ती भुसावळला रेल्वेच्या ऑफिसात. तिथल्याच श्रीनिवासशी लग्न करायचं म्हणाली. श्रीनिवास मराठी बरी बोलतो, पण त्याचे आईवडील राजमंड्रीकडचे, तेलुगूशिवाय काही नाही. मुलाकडे राहायला आले होते.

माझे सासरे, नाना, म्हणाले, "पोरगं चांगलं आहे. पन त्याच्या घरचं बोलनं आपल्याले समजत नही. तिथं आपल्या पोरीनं कोनाशी बोलायचं? येऊ-जाऊ द्या पाहुण्यांना, मग पाहू."

'मग पाहू' ऐकल्यापासून रूपालीची झोप उडाली.

*

पहिलं जेवण. श्रीनिवास कुणाशी तरी बोलताना आपल्या वडिलांना 'गारू' म्हणाला, म्हणून आम्हीही त्यांना गारू म्हणू लागलो. ते आडनाव नसून आपल्या 'राव'सारखा मान आहे, हे फार उशिरा कळलं!

सासूबाईंनी, म्हणजे अक्कांनी, खापरावरचे मांडे केले होते. श्रीनिवास फोन घ्यायला अंगणात गेला. गारू ताटावर हात धरून म्हणाले, "चालु, चालु." अक्का खूश. पाहुणा स्वतःहून चालू ठेवा म्हणतोय! त्यांनी वाढला मांडा. गारू घामाघूम होऊन पुन्हा, "चालु!" अक्कांनी वर तूप सोडलं.

श्रीनिवास धावत आला. "अक्का, तेलुगूत चालु म्हणजे पुरे!"

अक्का शांतपणे म्हणाल्या, "मंग पुरे म्हनायचं ना."

*

नानांनी श्रीनिवासला मायेने हाक मारली, "पोरा, ये रे इकडं."

त्याच्या आईने ताडकन उठून पर्स काखेला लावली. त्यांच्याकडे 'पोरा' म्हणजे 'चल, निघ इथून'. घरी बोलावून पोराला हाकलतात म्हणजे काय! श्रीनिवासने कशीबशी समजूत घातली.

तेव्हापासून नाना त्याला 'श्रीनिवासराव' म्हणू लागले. रूपाली माझ्या कानात म्हणाली, "वहिनी, हे जास्त भीतीदायक आहे."

*

चहाच्या वेळी श्रीनिवासच्या आईंनी स्वयंपाकघरात डोकावून विचारलं, "पालु?"

अक्का स्टुलावर चढल्या. मी झाडू घेतला. नानांनी टॉर्च आणला. फ्रिज ओढला, डबे हलवले, फडताळ रिकामं केलं. त्या बिचाऱ्या दूध मागत होत्या.

पण फ्रिजमागे पाल खरंच निघाली! तिला बाहेर काढेपर्यंत आईंनी कोरा चहा पिऊन टाकला होता.

*

एकदा श्रीनिवासची ड्युटी होती, म्हणून त्याचे आईवडील दोघंच आले. निघताना गारू दाराकडे हात करून म्हणाले, "बंडी, बंडी."

नानांनी क्षणभर स्वतःच्या अंगावरच्या बंडीकडे पाहिलं. मग आत जाऊन कपाटातली इस्त्रीची नवी बंडी आणून दिली. गारूंनी ती शर्टावर चढवली, नमस्कार केला आणि दोघं भर उन्हात हायवेपर्यंत पायी गेले. त्यांना गाडी हवी होती, हे संध्याकाळी फोनवर कळलं.

नाना रूपालीला म्हणाले, "सादी गाडी मांगता आली नही. उद्या तुह्यं पोट दुखलं त काय मांगशील?"

रूपाली जेवली नाही. मलाही वाईट वाटलं. आता हे काही जमत नाही, असं धरूनच चालले होते मी.

*

मग शेतात भरताचा बेत ठेवला. नाना म्हणाले, येऊ दे त्यांना एकदा, मग काय ते सांगून टाकू.

केळीच्या बागेशेजारी कपाशीच्या काड्या पेटवून वांगी भाजली. अक्का ठेचायला बसल्या. भरताच्या बाबतीत अक्कांना आजवर कुणी काही सांगितलेलं नाही. मी तर मीठसुद्धा विचारून टाकते.

श्रीनिवासच्या आईंनी बोटाने चाखलं, मान हलवली आणि पर्समधून चिंचेचा गोळा काढला.

"भरतात चिंच?" अक्कांचा हात थांबला.

आई तेलुगूत काहीतरी ठणकावून बोलल्या. अक्कांनी आपल्या भाषेत दुप्पट ठणकावलं. आईंनी मुसळी ओढली, अक्कांनी परत ओढली. श्रीनिवास अर्थ सांगायला पुढे झाला, तर नानांनी त्याला दंडाला धरून खाली बसवलं. मग अक्कांनी चिंचेची चिमूट भरताच्या एका कोपऱ्यात कालवली, चाखली, "हं" म्हणाल्या आणि लगेच लसणावरून नवी सुरुवात केली. आईही मांडी घालून समोरच बसल्या.

नाना बराच वेळ बघत होते. मग उठून त्यांनी खाट एका बाजूने उचलली.

"व्याही, तिकडं सावलीत सरकू. ह्या दोघींचं लवकर मिटनार नही."

गारूंना कळलं की नाही कोण जाणे. त्यांनी खाटेची दुसरी बाजू उचलली.