गाऱ्हाण्यातला आवाज

ओहोटी लागली की आमच्या खाडीचा चिखल उघडा पडतो. कुजका पाला, शिंपले, मीठ यांचा एक जड वास काठावरच्या घराघरांत शिरतो. त्याच वासात एका दुपारी मी माझ्या पुतणीचं डोकं मांडीवर घेऊन होडीत बसले होते. तिला कळा सुरू झालेल्या, दवाखाना पैलतीरावर, आणि होडी मधोमध गाळात रुतलेली. होडीवाला छातीइतक्या चिखलात उतरून ढकलत होता. भरती आली तेव्हा माझ्या मांडीवरची मुलगी गार पडली होती.

माझे पती सैन्यातून निवृत्त झाले आणि आम्ही कायमचे गावी आलो, त्याच वर्षीची ही गोष्ट. ते अभियंता. परमुलुखातल्या नद्यांवर त्यांनी उभी हयात पूल टाकण्यात घालवली होती. आपल्याच खाडीवर पूल नसावा हे त्यांच्या जिव्हारी लागलं. दोरीला शिसं बांधून त्यांनी खाडीचा तळ मोजला, आराखडा काढला आणि तो काखेत मारून कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवल्या. साहेब लोक खुर्ची देत, चहा पाजत, अदबीनं बोलत. पूल मात्र कुणी देईना. अखेर एकाला दया आली. तो म्हणाला, “मेजरसाहेब, हे आमच्या हातात नाही. त्यासाठी विधानसभेत आपला माणूस असावा लागतो.”

ते वाक्य घेऊन हे घरी आले आणि अपक्ष उभे राहिले.

पक्ष नाही, गाड्या नाहीत. भरवसा होता तो गावावर. आपलंच गाव पाठीशी नसेल तर पलीकडच्या वाड्या कशाला विश्वास ठेवतील? पण समोरच्या उमेदवाराची माणसं आधी देवळात पोचली. देवळाला नवा सभामंडप, आणि त्याबदल्यात गावाची झाडून सारी मतं. गावकीनं शब्द दिला. आमच्याकडे असा शब्द देवापुढे गाऱ्हाणं घालून, म्हणजे साऱ्या गावाच्या वतीनं मागणं मागून, पक्का करतात; मग तो मोडायची कुणाची छाती होत नाही. गाऱ्हाण्याचा मान आमच्या घराचा. म्हणजे माझ्या थोरल्या दिरांचा. होडीत गेली ती त्यांचीच मुलगी.

देवळात कापूर आणि समईच्या करपलेल्या वातीचा वास कोंदला होता. बायकांच्या घोळक्यात मी खांबाला धरून उभी होते. दिरांनी नारळ हातात घेतला. धाकट्या भावाकडे त्यांनी पाहिलं नाही.

“बा देवा म्हाराजा, जो आमचो सभामंडप बांधतलो, तेका यश दी रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” गाव एका घशानं बोललं.

“गावाचा एकूय मत फुटाक देऊ नको रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

त्या गजरात एक आवाज मी ओळखला. कवायतीच्या मैदानावर कमावलेला, खणखणीत. हात जोडून, ताठ मानेनं, हे स्वतःच्याच पराभवाला होकार देत होते. माझ्या पायांखालची फरशी एकाएकी ओली, निसरडी वाटू लागली.

बाहेर चपला शोधताना एकानं टोमणा मारलाच. “काय मेजर, स्वतःचा मत तरी स्वतःक घालतलास मां? की ताय सभामंडपाक?”

माणसं हसली. हेही हसले. “गाव रांगेत उभो असताना माझो आवाज येगळो कसो काढू रे?” म्हणाले, आणि एकटेच उतरणीला लागले. पाठमोरे ते मला प्रथमच म्हातारे दिसले.

माझी जाऊ पायरीवर खोबऱ्याचा प्रसाद वाटत होती. मी तिचा हात धरला. नारळाच्या पाण्यानं तो चिकट, गार झाला होता. शेवटची आशा होती ती. एका मतानं पूल होणार नाही हे कळत असूनही, त्या घरातून, त्या आईकडून एक मत मला हवं होतं. नाहीतर हे कुणासाठी उभे होते?

“वहिनी, तुमच्या लेकीसाठी चाललंय हे सगळं. यंत्रावरचं बटण कोण बघतं? देवसुद्धा नाही बघत. तुमचं एक मत द्या यांना. एकच.”

तिचे डोळे भरून आले. लेकीचं नाव तिच्या ओठांवर आलं आणि आवाज न होता विरलं. मग तिनं गाभाऱ्याकडे पाहिलं, माझ्या मुठीतून हात हळूच सोडवून घेतला, माझ्या तळहातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला आणि म्हणाली,

“नाय.”